खलित्याची शेवटची ओळ

माझ्या टेबलावर दोन टंकयंत्रं असत.
फ्रेंचचा गाडा डावीकडे सरके, फारसीचा उजवीकडे.
फारसीवर ताजुल्मुलूक बसायची.
दोन्ही एकदम चालली की वाटे,
आम्ही दोघी एकाच ओंडक्यावर
करवत ओढतोय.

क्रांती झाली, साहेब बदलले, तीनदा.
टाय गेले. एक खालच्या खणात सापडला,
त्यानं मी यंत्राचं झाकण बांधायची.
मजकूर बदलला, विशेषणं कडक झाली,
पण खलित्याची पहिली ओळ तीच राहिली:
मंत्रालय दूतावासास सादर अभिवादन करते.
आणि शेवटचीही:
आपल्याविषयीच्या उच्चतम आदराची
पुन्हा ग्वाही देण्याची ही संधी घेते.

मधे काहीही असो.
मधे लसणाच्या वासाचा पिवळा ढग,
मधे जळालेल्या तेलजहाजाचं नाव,
मधे शाळेत किती मुलं होती तो आकडा.
आकड्यावर खाडाखोड चालत नसे.
एकदा सात जास्त पडले.
साहेब म्हणाले, पान पुन्हा टाका.
मी सात जण जिवंत केले
आणि चहा घेतला.

ज्यांच्याशी बोलणं बंद, त्यांना काही कळवायचं
तर आधी स्विस लोकांना लिहायचं.
जावाजावांचं बिनसलं की
शेजारणीच्या तोंडून निरोप जातो ना,
सांग तिला, पातेलं परत कर म्हणावं.
तसंच. फक्त कागद जाड,
आणि वर शिक्का.

त्या वसंतात तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती.
खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या,
चुकलेल्या गणितावर मारतात तशा.
त्याच वसंतात फावहून कळलं:
फर्शीद, वय अठरा, बेपत्ता.

बेपत्ता.
माझ्याकडे साऱ्या जगाचे पत्ते होते.
बर्न, जिनिव्हा, न्यूयॉर्क,
अगदी बगदादचासुद्धा, जुन्या वहीत,
शहाच्या काळातल्या कुणाच्या तरी
देखण्या अक्षरात.

उन्हाळ्यात तह झाला.
तह नाही, शस्त्रसंधी; शब्द बघून टाका,
साहेब म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.
पावाच्या रांगेत एक म्हातारा विचारत होता,
मग ही आठ वर्षं?
कुणाला विचारत होता कोण जाणे.
भट्टीवाल्यानं कणकेचा गोळा
जरा जोरात आपटला, एवढंच.

थंडीत रेडक्रॉसचं कार्ड आलं.
सव्वीस शब्द. त्यातले नऊ काळ्या शाईखाली.
मी ते नऊ शब्द उजेडाला धरले,
मागून बघितले, बोटानं चाचपले.
तेवीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढून
मला ते वाचता आले नाहीत.

उत्तर यंत्रावरच टाकलं, हात कापत होता म्हणून.
आजी बरी आहे. तुझी सायकल विकलेली नाही.
आणि खाली, बोटांनी परस्पर,
उच्चतम आदराची पुन्हा ग्वाही.
दुसरं कार्ड नव्हतं. तसंच पाठवलं.

दोन वर्षांनी खोसरवीच्या नाक्यावरून तो आला,
पुढचे दोन दात नसलेला, उंच.
बरेच दिवस काही बोलला नाही.
मग एकदा जेवताना म्हणाला,
तुझी ती ओळ बराकीत सगळ्यांना पाठ होती.
पाण्याचा डबा पुढे सरकवताना
आम्ही एकमेकांना म्हणायचो.
जब्बार नावाचा पहारेकरी होता.
त्यालाही शिकवली.

रात्री तो झोपेत अरबी बोलतो.
मला फ्रेंच येतं, थोडं जर्मन,
ती भाषा येत नाही. एकच शब्द
आता ओळखीचा झालाय: खुब्ज.
पाव.
मी उठते, दिवा न लावता
फडक्यात गुंडाळलेला सकाळचा तुकडा
त्याच्या उशाशी ठेवते.
कधी सकाळी तो तिथंच असतो.
कधी नसतो.